दहाव्या खांबाला कोड नाही

परत येऊन तीन दिवस झालेत, धुणं अजून बॅगेतच आहे, आणि मी आधी हे टाईप करायला बसलेय. कारण घरी, ऑफिसात, जिन्यात भेटलेल्या काकूंना, सगळ्यांना तुकड्यातुकड्यांत सांगून झालं आणि प्रत्येक वेळी मी वेगळ्याच ठिकाणी थांबले. म्हणून एकदा सलग लिहून टाकते.

बुलढाणा जिल्ह्यात तुम्ही गेला असाल तर शेगावला गेला असाल, नाहीतर लोणारला. आम्ही गेलो ते जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, जिथे सातपुडा सुरू होतो. गावाचं खरं नाव सांगणार नाही, गावकऱ्यांची तशी अट आहे. मी त्याला उमरटेक म्हणते.

उमरटेकला एक निवासी शाळा होती. डोंगरातल्या कोरकू मुलांना पहिलीपासून तिथे आणून ठेवायचे. दिवाळी आणि उन्हाळा सोडून घरी जायचं नाही, कोरकू बोलायचं नाही, बोललं की उन्हात उभं राहायचं. शाळा बंद पडून बरीच वर्षं झालीत. तिथली मुलं आता चाळिशी-पन्नाशीची आहेत. कॅनडातही मूळ रहिवाशांच्या मुलांना अशाच शाळांत ठेवायचे, आणि तिथून जी माणसं वाचली त्यांच्या आठवणी आता चित्रांतून, कोरीव कामातून, मोबाईलवरून जपतात, हे विनितने कुठेतरी वाचलं आणि मला सकाळी सहाला फोन केला. "सई, हे आपल्याकडे का नाही?" विनित माझा कॉलेजचा मित्र, कोडिंग करतो. मी आवाजाचं काम करते, म्हणजे रेकॉर्ड करायचं, साफ करायचं, कापायचं. एका वाक्यात मी तयार!

उमरटेकच्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या मनाताई आम्हाला एका ओळखीतून मिळाल्या. त्या स्वतः त्या शाळेत होत्या. त्यांनी अजून आठ जणांना बोलायला तयार केलं. फोनवरूनच रेकॉर्डिंग केलं. प्रत्येकाची दोन मिनिटं ठेवायची, बाकी कापायची, कारण कोड स्कॅन करून उभ्याउभ्या दोन मिनिटांच्या वर कोणी ऐकत नाही, हे विनितचं म्हणणं. माझंही.

आणि मग खांब. विनितला नेटवर कोरकूंच्या जुन्या कोरीव खांबांचे फोटो सापडले. सागाचा खांब, वर सूर्य, चंद्र, खाली घोडेस्वार. इतके सुंदर! त्यांचीच कला, त्यांच्याच माणसांसाठी, यापेक्षा बरोबर काय असणार? नऊ माणसांचे नऊ खांब, प्रत्येकावर नाव कोरलेलं, खाली स्टीलच्या पट्टीवर क्यूआर कोड. स्कॅन केलं की त्या माणसाचा आवाज. आम्ही एका खांबाचा फोटो मनाताईंना पाठवला. त्यांनी हात जोडलेले आणि रडणारा चेहरा पाठवला. आम्हाला वाटलं, आवडलं.

गुरुवार, शेगाव

गुरुवारी शेगावला उतरायचं नसतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. स्टेशनबाहेर रिक्षा म्हणून नाही. महाराजांच्या दर्शनाला आलेली गर्दी, आणि त्यात आम्ही दोघं, ट्रायपॉड, स्पीकर आणि ड्रिलमशीन घेऊन. एका मावशींनी ट्रायपॉडकडे बघून विचारलं, "भजनी मंडळ कोणतं तुमचं?"

कचोरी खाल्ली. शेगावची कचोरी पुण्यात मिळते ती आणि ही, यांचं नातं नावापुरतं आहे. ही चपटी, गरम, आत डाळीचं झणझणीत सारण, सोबत तळलेली मिरची. चटणी नाही, शेव नाही, दही तर नाहीच. मी दही मागितलं तर दुकानदार म्हणाला, "दही काऊन पाह्यजे? कचोरी खराब हाय काय?" मी चार खाल्ल्या. विनितने गाड्यावरचा कोड स्कॅन करून पैसे दिले आणि खूश होऊन म्हणाला, "बघ, इथे सगळ्यांना कोड माहितीय. आपल्याला शिकवावं लागणार नाही."

पुढे काळीपिवळी जीपने जळगाव जामोद. दोन्ही बाजूंना काळी माती आणि कापूस. मी कापूस म्हणजे पांढरंशुभ्र शेत अशा तयारीत होते. तसं काही नव्हतं. झाडं उभी, बोंडं लागलेली, पण अर्धी फुटलेलीच नाहीत, तपकिरी होऊन झाडावरच वाळलेली.

त्याचं कारण हमीदचाचांनी दाखवलं. हमीदचाचा म्हणजे ज्यांना आम्ही खांबांचं काम दिलं होतं ते मिस्त्री. साठीचे, कानावर पेन्सिल, दाढीत भुसा. त्यांचं दुकान गावाच्या कडेला, मागे लगेच शेत. आम्ही पोचलो तर त्यांनी आधी चहा दिला, मग मागे जाऊन एक बोंड तोडून आणलं आणि अंगठ्याने फोडलं. आत गुलाबी अळी, अगदी निवांत.

"ही बीटी. हिले अळी लागतच नाही म्हने," चाचा म्हणाले. "अळीले कोणी सांगितलंच नाही."

"मग लोक काय करतात?"

"काय करतीन? लगन पुढं ढकलतात. लगन पुढं गेलं की दारं-चौकटी पुढं जातात. औंदा पोराची ही मशीन तुमच्या खांबायवरच चालली पाहा."

मशीन म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कोरायची मशीन, एरवी त्यावर देव्हारे आणि पलंगाच्या पाट्या होतात. खांब भिंतीला टेकवून ठेवले होते. मी अक्षरशः ओरडले, इतके भारी झाले होते. सूर्याचे किरण, घोड्याची आयाळ, सगळं. मोजले तर दहा.

"चाचा, आपण नऊ सांगितले होते ना?"

"लाकूड हाय ते बेटा. कवा फाटन सांगता येते का? मी एक जास्तीचा करतोच. पलंगाचे पाय चार सांगितले त मी पाच करतो. घरी ईचार, पाचवे पाय किती पडले हायत." दहाव्यावर सूर्य, चंद्र, घोडा सगळं होतं, फक्त नाव नव्हतं.

विनित म्हणाला, उद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत जागा नाही, तो इथेच राहू दे. चाचा म्हणाले, राहू दे कसा, रस्ता खराब आहे, एखादा तडकला तर? मग ते नावांवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्यात असं नाव कोरून उभं करतात ते कबरीवर. हे सगळे गेले काय?"

"नाही चाचा!" विनित हसला. "सगळे ठणठणीत आहेत. उद्या भेटतीलच तुम्हाला."

"हं," चाचा म्हणाले आणि खांब पोत्यात बांधायला लागले.

शुक्रवार, उमरटेक

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खांबांवर बसून प्रवास करायचा असेल तर जाड पँट घाला, एवढाच सल्ला. चाचाही आले, बसवताना मिस्त्री लागतो म्हणून. काळी माती संपते आणि मुरूम सुरू होतो ती जागा अगदी रेघ मारल्यासारखी आहे. मग सागाची झाडं, पळस, आणि एका वळणावर गाव. घरं कुडाची, दोन ओळींत समोरासमोर, मधे झाडून लख्ख केलेला रस्ता. आमच्या सोसायटीपेक्षा स्वच्छ, हे मी आईला फोनवर सांगणार होते, पण फोनला रेंज नव्हती. उमरटेकला रेंज नाहीच.

मनाताई रस्त्यातच उभ्या होत्या. मी त्यांना आवाजावरून उंच समजत होते. त्या माझ्या खांद्याएवढ्या निघाल्या.

"तूच का सई? आवाजावरून मले मोठी बाई वाटली होतीस."

"मलाही तुम्ही उंच वाटला होतात!"

"मंग दोघीही फसलो," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली बॅग घेतली.

जेवायला कुटकीचा भात आणि अंबाडीची भाजी, पळसाच्या पत्रावळीवर. कुटकी म्हणजे मोहरीएवढं बारीक धान्य, शिजवलं की मोकळं होतं, हाताने खाताना बोटांतून पळतं. मी अर्धं अंगावर सांडलं. मनाताईंच्या ओट्यावर त्यांची आई बसली होती, खूप म्हातारी, कपाळावर गोंदण, डोंगरावरच्या धाकट्या मुलाच्या घरून खास आजच्यासाठी उतरून आलेली. ती मराठी बोलत नाही. ती माझ्याकडे बघून हसली आणि माझ्या अंगावरचा भात वेचून कोंबडीला टाकला.

दुपारी चाचांनी शाळेच्या भिंतीला लागून खड्डे केले, नऊ खांब उभे केले आणि आम्ही त्यांवर चादर टाकली. उद्घाटन! दहावा पोत्यातच ट्रॉलीत राहिला. औंदा कापूसच फुटला नाही म्हणून वेचणी लवकर संपली होती, त्यामुळे सगळे घरी सापडले. नाहीतर या दिवसांत गावात कोणी नसतं, मनाताई म्हणाल्या. तीनच्या सुमाराला पन्नासेक माणसं जमली. मनाताईंनी आईला हाताला धरून आणलं आणि सगळ्यांत पुढे बसवलं. विनितने चादर ओढली.

आधी काहीच झालं नाही. मग सुमनताई उठल्या. या आमच्या नऊ जणांपैकी एक, फोनवर सगळ्यांत जास्त हसवणाऱ्या. त्या एका खांबापाशी गेल्या, बोट लावून नाव वाचलं, आणि दोन पावलं मागे आल्या.

"मना, मी मेली काय वं?"

पोरं खिदळली. मोठं कोणी हसलं नाही. सुमनताईंच्या नवऱ्याने त्यांना दंडाला धरून मागे घेतलं. एक माणूस आपल्या नावाचा खांब शोधत होता, तो सापडल्यावर खाली मान घालून निघूनच गेला.

गावाचा पुजारी, त्याला भुमका म्हणतात, एक बारीक, काटक म्हातारा, काठी टेकत पुढे आला. त्याने नऊच्या नऊ खांबांना प्रदक्षिणा घातल्यासारखा फेरा मारला. मग विनितसमोर बसला. रागावलेला मुळीच नव्हता.

"हा मुंडा," तो म्हणाला. "माणूस जातो. मंग कवातरी सगळे सोयरे जमतात, जेवण होते, तवा हे लाकूड उभं करतात. मंग तो आमच्यातून सुटते अन् जुन्या लोकायत जाऊन बसते. तुम्ही या नऊ जणायले आजच धाडून राह्यले?"

विनितचा चेहरा पांढरा. "पण फोटो पाठवला होता आम्ही! मनाताई, तुम्ही तर हात जोडलेले..."

मनाताई खांबांकडे बघतच नव्हत्या. त्या ट्रॉलीकडे, भिंतीकडे, परत ट्रॉलीकडे बघत होत्या.

"एकच फोटो होता," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, एकच हाय." मग माझ्याकडे वळून, "रामकलीचा कुठंय?"

आणि मी विचारलं, "कोण रामकली?"

हे मी जसं झालं तसं लिहितेय. त्यांचा चेहरा कसा झाला वगैरे लिहीत नाही.

"मी तुले सांगितलं," त्या म्हणाल्या. "फोनवर. सगळं सांगितलं."

मला तेव्हा आठवलं. त्यांचं रेकॉर्डिंग सगळ्यांत लांब होतं. मधेच त्या कोरकूत बोलायला लागल्या होत्या, आणि बराच वेळ बोलत होत्या. मला वाटलं घरात कोणीतरी आलंय, त्याच्याशी गप्पा चालल्यात. मी तो भाग कापला. मूळ फाईल जागा खाते म्हणून तीही उडवली.

"तू मधे मधे हं, हं म्हणत होतीस," मनाताई म्हणाल्या.

"मला कोरकू येत नाही, ताई."

"हाव. पण ते मले मराठीत येत नाही."

रामकलीबद्दल मला मराठीत सांगितलं ते सुमनताईंनी, नंतर, शाळेच्या मागे, भराभर. मनाताईंची धाकटी बहीण. दोघी एकाच शाळेत, मना अकरा वर्षांची, रामकली नऊ. रामकलीला ताप आला. आईबाप तेव्हा खाली काळ्या मातीत कापूस वेचायला गेलेले, कोणत्या गावाला ते शाळेला माहीत नव्हतं आणि कोणी शोधलंही नाही. दोन दिवसांत ती गेली. शाळेच्या माणसांनीच तिला पुरलं. आईबाप परत आले तेव्हा अधीक्षकाने सांगितलं, सगळं रीतीने झालंय. कुठे, ते सांगितलं नाही. आणि या गावात मुंडा उभारायचा तर जिथे माणूस पुरलाय तिथली माती लागते. माती नाही म्हणून मुंडा नाही. तिचा बाप गेला, त्याचा मुंडा झाला. काकाचा झाला. रामकली अजून सुटलेली नाही.

"पण मनाले माहीत हाय जागा," सुमनताई म्हणाल्या. "मले वाटते. खिडकीतून पाह्यलं असन तिनं. तवा अधीक्षकानं तोंड बंद ठेवायले सांगितलं, अन् मंग जसे वर्सं गेले, तसं मायले काय सांगावं? मले माहीत होतं, असं?"

आम्ही परत समोर आलो तेव्हा भुमका मनाताईंना ती जागाच विचारत होता, कोरकूत. त्या जमिनीकडे बघत होत्या. आई त्यांच्याकडे बघत होती. शेवटी मनाताईंनी माझ्या बॅगेकडे बोट केलं आणि मराठीत, म्हणजे मला कळावं म्हणून, म्हणाल्या, "एकदा सांगितलं. आता परत नाही निघत तोंडातून. तिच्याजवळ हाय. तिले म्हना, लाव."

शनिवार, रेंजचं झाड

डिलीट केलेली फाईल कचऱ्याच्या फोल्डरमध्ये तीस दिवस राहते. मी फाईल उडवून किती दिवस झाले ते मला आठवत नव्हतं. फोल्डर नेटवर होतं. नेट टेकडीवर होतं, एका मोहाच्या झाडाखाली.

उमरटेकला ज्याला फोन करायचा तो सकाळी तिथे चढतो. झाडाखाली एक सपाट दगड आहे, फोन हातात धरायचा नाही, त्या दगडावर ठेवायचा, आणि वाकून बोलायचं. आम्ही गेलो तेव्हा आमच्या आधी तिघं रांगेत होते. एकजण दगडासमोर ओणवा होऊन आपल्या मेहुण्याला शिव्या देत होता, अगदी सावकाश, एकेक. पुण्यात कोणी असा वेळ देऊन भांडत नाही.

चढताना विनित घसरून बोराच्या जाळीत पडला. सुमनताई त्याचे काटे काढत होत्या आणि विचारत होत्या, "विनितभाऊ, तुमचा खांब कुठं लावायचा मंग? इथंच?" कालपासून पहिल्यांदाच कोणीतरी हसलं. मनाताई हसल्या नाहीत. त्या दगडाशेजारी उकिडव्या बसून माझ्या फोनकडे बघत होत्या. वरून खालचं सपाट रान दिसत होतं, तपकिरी, मधे मधे पांढरे ठिपके.

आमचा नंबर आला. फोल्डर उघडायला किती वेळ लागला मला माहीत नाही. नावं वरून खाली यायला लागली. माझी अर्धवट गाणी, कोणाच्या लग्नाचे व्हिडिओ, आणि मग 'मनाताई पूर्ण'. बाजूला लिहिलं होतं, चार दिवस शिल्लक.

फाईल उतरायला लागली. रेंजच्या दोन काड्या, एक काडी, परत दोन. मागे रांग वाढत होती, पण कोणी घाई करा म्हणालं नाही. उतरल्यावर तपासायला म्हणून मी सुरुवात लावली तर मनाताईंनी झटकन हात ठेवला. "इथं नको. मायपुढं."

शाळेच्या पडवीत माणसं आधीच येऊन बसली होती. मी स्पीकर मधे ठेवला आणि मधला भाग लावला.

बारा मिनिटं. मला एक शब्द कळला नाही, 'रामकली' सोडून. म्हणून मला काय ऐकू आलं ते सांगते. मनाताईंचा आवाज, सपाट, न थांबता. त्यामागे टेकडीवरचा वारा, दुसरं कोणी नाही. आणि दर थोड्या वेळाने मी, "हं... हं." आणि त्या "हं"च्या मागे टकटक. मी तेव्हा लॅपटॉपवर दुसऱ्याच कोणाला तरी उत्तर टाईप करत होते. ते सगळं स्पीकरवर स्वच्छ ऐकू येत होतं, कारण आवाज स्वच्छ रेकॉर्ड करणं हेच माझं काम आहे.

माणसं ऐकत होती. सुमनताईंनी तोंडात पदर घातला होता. भुमका एकदा मान वर करून शाळेमागच्या नाल्याच्या दिशेने बघून परत ऐकायला लागला. आई हलली नाही.

संपलं. मग आई उठली, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, मनाताईंपाशी गेली आणि एकच शब्द बोलली.

"काय म्हणाल्या?" मी सुमनताईंना विचारलं.

"'दाखव' म्हणाली."

त्या दोघी, भुमका आणि चारपाच बायका नाल्याकडे गेल्या. आम्हाला कोणी बोलावलं नाही, आम्ही गेलो नाही.

त्या वेळात चाचांनी दुसरं काम केलं. भुमका जाताना सांगून गेला होता. जिवंत माणसाचं नाव उभ्या लाकडावर राहता कामा नये, आणि ते जाळायचंही नाही, ज्याचं नाव त्याने परत न्यायचं. चाचांनी एकेक खांब उपटला, आडवा केला आणि हातरंध्याने नाव तासायला लागले. मशीन इथे काय कामाची! लाकडाच्या पातळ, कुरळ्या पट्ट्या पडायला लागल्या आणि एकेक जण येऊन आपल्या नावाचा चुरा वेचून पदरात, रुमालात, टोपीत बांधून नेऊ लागला. काल खाली मान घालून निघून गेलेला माणूसही आला. त्याने खाली पडलेला शेवटचा बारीक भुसासुद्धा फुंकर न मारता उचलला.

"माह्यं नाव जाड कोरलं होतं," सुमनताई दोन मुठी भरून म्हणाल्या. "मी हायच वजनदार."

"आता याचं काय करू?" चाचांनी विचारलं. नऊ बिननावाचे खांब आडवे पडले होते. सुमनताई एकावर सरळ बसल्या. "उभं नाही ना ठेवायचं? मंग बसू." चाचांनी लगेच कानावरची पेन्सिल काढली, दगड आणायला सांगितले, आणि संध्याकाळच्या आत नऊ बाकं तयार. कोडच्या पट्ट्या विनितने बाकांच्या कडेला ठोकल्या. लोकांना विचारून, प्रत्येकाला, एकेकाला. सात जण हो म्हणाले, दोघं नको म्हणाले.

नाल्याकडून सगळे परत आले तेव्हा आईच्या पदरात गाठ होती, मुठीएवढी. मनाताईंच्या हाताला, नखांत, माती होती.

हमीदचाचा ट्रॉलीपाशी गेले आणि पोत्यातला दहावा खांब खांद्यावर घेऊन आले. सूर्य, चंद्र, घोडा, आणि खाली कोरी जागा. त्यांनी तो मनाताईंसमोर आडवाच ठेवला. "एक जास्तीचा करतोच मी," म्हणाले. मग पटाशी काढून, "नाव काय कोरू?"

मनाताईंनी आईला विचारलं. आई काहीतरी म्हणाली आणि घोड्यावरून हात फिरवत राहिली.

"नको म्हणते," मनाताई म्हणाल्या. "म्हणते, मले माहीत हाय कोणाचा ते."

रविवार

खांब अजून उभा राहिलेला नाही. सोयरे जमतील, जेवण होईल, तेव्हा. तोवर तो मनाताईंच्या घरात आढ्याला बांधून ठेवलाय. औंदा कोणाच्या हातात काही नाही, त्यामुळे कधी ते ठरलं नाही.

तुम्ही कधी तिकडे गेलात आणि गाव ओळखलंत, तर बाकांवर जरूर बसा, त्यासाठीच आहेत. कोड स्कॅन करा, सात आवाज ऐकू येतील, पण त्यासाठी कोडचे फोटो घेऊन टेकडीवर चढा आणि आवाज फोनमध्ये उतरवून आणा. दहाव्या खांबाला कोड शोधू नका. विनितने विचारलं होतं, निघायच्या दिवशी सकाळी. "ताई, निदान तो आवाज तरी राहू दे. बारा मिनिटं आहेत. असं कुठेच नाही, जगात कुठेच नाही."

मनाताई त्याच्याकडे बघून हसल्या, मग माझ्याकडे वळल्या. "माह्या मोबाईलमधे टाक. अन् तुह्यातून काढ."

मी टाकली. त्यांनी आपल्या फोनवर पहिली चार सेकंद लावून बघितली, बंद केली. मग माझ्या शेजारी येऊन स्क्रीन नीट दिसेल अशा उभ्या राहिल्या. मी फाईल उडवली.

"कचऱ्यातूनही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यासाठी आम्ही दोघी परत टेकडी चढलो. रांगेत कोणी नव्हतं. मी फोन दगडावर ठेवला, फोल्डर उघडलं, ती फाईल निवडली. फोनने विचारलं, कायमची काढायची का, परत मिळणार नाही. मी मनाताईंना ते वाचून दाखवलं, मग दाबलं.

"गेली," मी म्हणाले.

"हं," मनाताई म्हणाल्या.